कलेक्टरच्या घोड्याचा पोचा

मोहनरावांना नोकरी लागली आणि त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंना घरातली पितळेची भांडी लपवून ठेवायची पाळी आली.

नोकरी वाईट होती अशातला भाग नाही. पुण्याच्या एका विमा कंपनीने बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरती मोटारींच्या नुकसानीची पाहणी करायला त्यांना नेमलं होतं. कुणाची विमा उतरवलेली मोटार आपटली, पत्रा चेपला, रंगाचा टवका उडाला, की जाऊन डोळ्यांनी बघायचं, मोजायचं आणि कंपनीला कळवायचं. पहिला रिपोर्ट कसा येतो ते पाहून नोकरी कायम करू, असं कंपनीच्या साहेबाने बजावलं होतं. आता त्या काळी आपल्या भागात मोटारी होत्या किती! आणि होत्या त्या इतक्या बेताने चालायच्या की त्यांना अपघात व्हायचा तर तो समोरच्यानेच आणून द्यायला हवा. महिना उलटला तरी एक मोटार आपटेना. मग मोहनराव सरावासाठी भांड्यांकडे वळले.

"या कळशीला डाव्या अंगाला पोचा आहे," सकाळचा चहा घेता घेता ते सांगत. "बोटभर खोल. बहुधा विहिरीच्या कठड्याचा मार असावा."

"मार तुमच्या हाताचा आहे," विजयमालाबाई म्हणत. "दिवाळीत तुम्हीच पाडलीत."

अपघाताला जबाबदार कोण हे ठरवायचं काम कंपनीने आपल्याकडे दिलेलं नाही, असं म्हणून मोहनराव पातेल्याकडे वळत. शेवटी बाईंनी कळशी, घागर आणि परात माळ्यावर टाकली. एक तांब्या तेवढा खाली ठेवला, कारण माणसाला पाणी तर प्यावंच लागतं.

मोहनराव राहत होते ते सासऱ्यांच्या घरात, माडीवर. बी.ए. झाल्यापासून नोकरी लागेपर्यंत राहा, असं सासऱ्यांनी म्हटलं होतं, आणि नोकरीने यायला बराच वेळ घेतला होता. सासरे म्हणजे बारामतीचे तात्यासाहेब वकील. त्यांच्या आयुष्यात अभिमानाच्या दोन गोष्टी होत्या: दारातली काळी मोटार आणि त्या मोटारीचा पोचा. दोहोंपैकी पोचा वरचढ.

झालं होतं असं की, इंग्रजी अमदानीत एकदा तात्यासाहेब इंदापूरला कामासाठी गेले आणि डाकबंगल्यासमोर त्यांनी मोटार उभी केली. तेवढ्यात कलेक्टरसाहेबाचा घोडा मोतद्दाराच्या हातून सुटला आणि जाता जाता मोटारीच्या मागच्या डाव्या मडगार्डावर एक लाथ ठेवून गेला. साहेब स्वतः बाहेर आला. पोचा पाहून म्हणाला, "सॉरी, वकील." या दोन शब्दांवर तात्यासाहेबांची वकिली पुढे कित्येक वर्षं चालली, असं त्यांचे विरोधक म्हणायचे. स्वराज्य आल्यावर तर पोच्याचा भाव आणखी वाढला. साहेब गेला, घोडा गेला, पोचा राहिला.

पाहुणा आला की तात्यासाहेब त्याला आधी मडगार्डापाशी नेत. डोळे मिटून बोट ठेवलं तरी ते बरोबर पोच्यात पडायचं. गोष्ट सांगून झाली की चहा. चहाच्या वेळी जिन्यावरून मोहनराव खाली उतरताना दिसले की पाहुणा विचारायचा, "हे कोण?"

"हे ना?" तात्यासाहेब म्हणत. "हे असतात इथेच."

घरातल्या मांजराबद्दल बोलावं तसं. मोहनरावांच्या जिवाला हे फार लागायचं. तात्यासाहेबांनी आपल्याला भरपूर द्यावं, मानाने वागवावं अशी त्यांची इच्छाच नव्हती. चारचौघांत एकदा, फक्त एकदा, "हे आमचे जावई" एवढं म्हणावं, की बस्स. आणि ते शब्द ऐकायचे तर नोकरी कायम व्हायला हवी, हे उघड होतं.

अखेर देव पावला. शेळगावचे एक बागाईतदार होते, रामहरी आबा. वांगी-टोमॅटोच्या जिवावर त्यांनी करड्या रंगाची जुनी मोटार घेतली होती आणि कुणीतरी सांगितलं म्हणून विमाही उतरवला होता. त्या मोटारीला त्यांच्याच गावच्या सोपानच्या उसाच्या बैलगाडीने वाटेत गाठलं आणि गाडीची धुरी, म्हणजे पुढचा दांडा, मोटारीच्या दारात घातली. कंपनीचं पत्र आलं: जाऊन पाहणी करा.

मोहनराव सायकलला हवा भरू लागले, तर शेजारचे पेन्शनर हेडमास्तर कुंपणापलीकडून म्हणाले, "सायकल? अहो, सायकलवरून उतरलेल्या माणसाला लोक तार कुणाची आली विचारतात."

"मग एस.टी.ने जातो."

"एस.टी.तून उतरलेल्याला कोणाकडे जायचं विचारतात. साहेब मोटारीतून उतरतो. आणि येण्याआधी त्याचं कार्ड जातं. साहेब न कळवता आला तर तो साहेब नव्हे, पाव्हणा."

मोहनरावांना हे पटलं. कुठलाही चुकीचा सल्ला त्यांना लगेच पटायचा, हा त्यांचा स्वभावच होता. त्यांनी रामहरी आबांना ठसठशीत अक्षरात कार्ड टाकलं: 'येत्या सोमवारी कंपनीचे साहेब आपल्या मोटारीच्या पाहणीसाठी येत आहेत.' 'साहेब' हा शब्द त्यांनी दोनदा गिरवला. मग ते तात्यासाहेबांपुढे उभे राहिले.

मोटार मागणं सोपं नव्हतं. तात्यासाहेबांनी त्यांची उलटतपासणी घेतली. मोटार चालवायला कुठे शिकलात, कुणाकडून, त्याला तरी येते का. शेवटी किल्ली पुढे करून म्हणाले, "जशी नेताय तशी आणा, मोहनराव. तसूभर फरक चालणार नाही."

"तसूभरही नाही," मोहनराव म्हणाले. हे वचन पुढे त्यांच्या कानात फार दिवस वाजत राहणार होतं.

शेळगावच्या वेशीवर आंब्याच्या डहाळ्यांची कमान उभारलेली पाहून मोहनरावांना वाटलं, गावात लग्न असावं. मोटार थांबताच हलगी कडाडली. रामहरी आबा फेटा बांधून पुढे आले, त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी सिंधुबाई आरतीचं ताट घेऊन आल्या आणि मोहनरावांना ओवाळून झाल्यावर बाईंनी उरलेलं कुंकू तात्यासाहेबांच्या मोटारीलाही लावलं. मोहनरावांचा ऊर भरून आला. हेडमास्तर देवमाणूस, असं त्यांच्या मनात आलं.

"चला, आधी कामाचं बघू," ते शक्य तितक्या जाड आवाजात म्हणाले. "मोटार कुठे आहे?"

"ही काय म्होरं हुबी!"

समोर एक हिरवीगार मोटार होती. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला असतो तो हिरवा. झेंडूच्या माळा, बॉनेटवर नारळ, आणि पत्रा असा गुळगुळीत की मोहनरावांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला.

"ही नव्हे हो. सोपानच्या गाडीने ठोकली ती."

"हीच की साहेब!"

"पण हिला तर काहीच झालेलं नाही!"

"व्हय!" रामहरी आबांची छाती फुगली. "नखाएवढी खूण ठिवली न्हाय. आमच्या गेणू तांबटानं पोचा असा काढलाय, का सासऱ्यानंबी वळखू न्हाय. मंग एका दाराला रंग द्यायचा, तर बाकीच्या दारांनी काय पाप केलंय? म्हनून समदीच रंगवली. इंजनाचा रंग उरलाच हुता."

मोहनराव मोटारीभोवती एक फेरी मारून आले. "अहो आबा, मी नुकसान बघायला आलोय! दुरुस्त कशाला केलीत?"

"आता बगा," आबा समजुतीने म्हणाले, "तुमी एवढं साहेब लोक येनार. तुमास्नी फुटकी मोटार दावायची व्हय? गावाला काय इज्जत हाय का न्हाय?"

"पाव्हन्याला कुनी कान तुटल्याल्या कपात च्या देतंय का?" सिंधुबाईंनी विचारलं.

यात त्यांची चूक नव्हती. साहेब पाहणीला येतो म्हणजे काय करायचं, हे शेळगावला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. शाळेचे इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर भिंतींना चुना लागायचा आणि ज्यांना वाचता येत नाही अशी पोरं पाखरं राखायला जायची. हिवतापाची पाहणी करायला डॉक्टरसाहेब आले, तेव्हा अंथरुणावरच्या माणसांची दाढी करून त्यांना ओट्यावर हसत बसवलं होतं. डॉक्टरसाहेब खूश होऊन गेले होते. औषधाच्या गोळ्या मात्र दुसऱ्या गावाला मिळाल्या.

मोहनरावांनी खिशातला छापील कागद काढला आणि घाम पुसला. पहिलाच रिपोर्ट, आणि त्यात लिहायचं काय? नुकसान आढळले नाही? मोटार नवीहून नवी आहे? म्हणजे आबांचा दावा बुडाला, आपली नोकरी बुडाली, आणि आपण पुन्हा माडीवर. हे असतात इथेच.

"बरं, पोचा केवढा होता ते तरी सांगा," ते म्हणाले.

"परातीएवढा," आबा म्हणाले.

"परात?" गर्दीतून बैलगाडीवाला सोपान उसळला. "वाटी म्हना, आबा! तीबी आमटीची न्हाय, तुपाची!"

"तुझ्या बैलानं घातलीया धुरी, तू वाटीच म्हननार!"

यावर गावाचे दोन तट पडले. एक म्हातारी मधला मार्ग म्हणून ताटली सुचवू लागली, तर दोन्ही तट तिच्यावर उलटले. मोहनरावांनी मग गेणू तांबटाला बाजूला घेतलं. गेणूच्या कानात सोन्याची बाळी होती आणि मुद्रा अशी, की आता शाबासकी मिळणार.

"गेणूराव," मोहनराव घसा खाकरून हळूच म्हणाले, "काम सुरेख झालंय. पण तो पोचा... जरा पुन्हा पाडता येईल का? होता तेवढाच?"

गेणूचा चेहरा पडला. मग चढला. "साहेब, माझ्या आज्ज्यानं पोचं काढलं, बानं काढलं, मी काढतुया. पाडायचं काम आमच्या घरान्यात कुनी केल्यालं न्हाय. ते सोपानच्या बैलांचं काम हाय. त्यांस्नी इचारा."

हे गेणू रागाने बोलला होता. पण मोहनरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. अपघात कसा झाला तेही लिहून घ्यावं, असं कागदावर छापलेलं होतंच. खोटं काही करायचं नाही. बैलगाडी आणायची, मोटारीपुढे उभी करायची, धुरीची उंची मोजायची, पोचा केवढा पडला असेल त्याचा अंदाज बांधायचा. धक्कासुद्धा लावायचा नाही. नुसतं प्रात्यक्षिक.

सोपानने गाडी जुंपून आणली. हिरव्या मोटारीपुढे ती उभी राहिली. मोहनराव मोटारीत जाऊन बसले आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"त्या दिवशी भोंगा वाजला होता का?"

"वाजला हुता की," सोपान म्हणाला. "तवाच तर हौशा बुजला आन म्होरं घुसला. एरवी लई गरीब बैल."

"मग भोंगा वाजवायला हवा. पाहणी म्हणजे पाहणी. तुम्ही कासरा घट्ट धरा, बैल पुढे येता कामा नयेत."

या वाक्यात मोहनरावांनी सगळ्याचा विचार केला होता. राहून गेली ती एकच बाब. अपघाताच्या दिवशी गाडीत ऊस ठासून भरलेला होता आणि बैलांना मागे सरणं शक्य नव्हतं. आज गाडी रिकामी होती. आणि गाडीच्या बरोबर मागे, लिंबाच्या सावलीत, कपाळाला कुंकू लावून तात्यासाहेबांची मोटार उभी होती.

मोहनरावांनी भोंगा वाजवला.

सोपानने कासरा खेचला, हौशाने मान टाकली, आणि दोन्ही बैल गाडीसकट भराभर मागे गेले. पत्र्याचा जो आवाज झाला तो गावाने उसाच्या अपघाताच्या दिवशीही ऐकला नव्हता. हलगीवाल्याला वाटलं कार्यक्रम सुरू झाला, त्याने हलगी वाजवली.

मोहनराव धावत आले. काळ्या मोटारीच्या उजव्या दारात गाडीचा मागचा दांडा रुतला होता. नुकसानीची पाहणी कशी करावी, पोच्याची खोली कशी धरावी, रंगाचा टवका कसा मोजावा, हे सगळं त्यांना पाठ होतं. आयुष्यातलं पहिलं खरंखुरं नुकसान समोर होतं आणि त्यांच्या तोंडून शब्द निघाला तो एवढाच: "मेलो."

"घ्या लिवून, साहेब," सोपान उत्साहाने म्हणाला. "ताजं हाय."

"परातच हाय बगा!" आबा ओरडले. "मी म्हनलं न्हवतं?"

मोहनराव लिंबाच्या मुळावर बसले. मघाशी ओवाळून घेतलेल्या साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलेलं सगळ्या गावाने पाहिलं. सासऱ्यांची मोटार आहे, म्हणाले. जशी नेली तशी आणायची आहे, म्हणाले. तसूभर फरक चालणार नाही.

मोटार सासऱ्याची आहे म्हटल्यावर गाव एकदम गंभीर झालं. कंपनी काय आणि दावा काय, ते त्यांना नीटसं कळलं नव्हतं. पण सासरा कळत होता. सगळ्यांनी गेणूकडे पाहिलं. गेणू आभाळाकडे बघत होता.

"गेणूराव," मोहनराव म्हणाले.

"पाडायचाय का काढायचाय?" गेणूने विचारलं. "आदी नक्की सांगा."

"काढायचाय हो. हात जोडतो."

"खूण ऱ्हायली तर चालंल का?"

"एकही खूण ठेवू नका!"

गेणूने मान डोलावली, बाळी हलली, आणि तो पत्रा ठोकायची लाकडी मोगरी आणायला गेला. सिंधुबाईंनी साहेबांना जेवायला आत नेलं. पुरणपोळी होती, वर तूप, सोबत येळवणीची आमटी. दुःखात माणसाला भूक लागत नाही असं म्हणतात; ते पुरणपोळीला लागू नसावं. जेवण झाल्यावर आबांनी ओसरीवर घोंगडी टाकली आणि मोहनराव मोगरीच्या ठोक्यांच्या तालावर झोपी गेले.

बाहेर गेणूने दार सरळ केलं. काळा रंग शाळेच्या फळ्यासाठी आणलेला होता, तो लागला. चकाकी येईना म्हणून सिंधुबाईंनी वरून खोबरेल चोळलं. मग गेणूने दोन पावलं मागे सरून मोटार पाहिली आणि तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारली. हातात मोगरी होतीच.

मोहनराव उठले तेव्हा उन्हं कलली होती. दार आरशासारखं होतं. त्यांनी वाकून पाहिलं, हात फिरवला, वास घेतला. खोबरेलाचा वास सोडला तर काही म्हणता काही कळत नव्हतं. त्यांनी गेणूला मिठी मारली. मग तिथेच मांडी घालून त्यांनी रिपोर्ट लिहिला, आणि आता त्यांना खोटं लिहायचं धाडस उरलं नव्हतं म्हणून सगळं खरं लिहिलं: नुकसान झाले होते. साहेब येणार म्हणून गावाने मानाखातर ते काढून टाकले. काम उत्तम आहे. मजुरी, दोन पायली ज्वारी.

बारामतीला येईपर्यंत ते गाणं गुणगुणत होते.

तात्यासाहेब ओट्यावर बसले होते. समोर बदलून आलेले नवे मामलेदार. "आणि मग साहेब स्वतः बाहेर आला," तात्यासाहेब सांगत होते. मोटार फाटकातून आत शिरली तसे ते उठले. "या, या, अगदी वेळेवर. चला रावसाहेब, दाखवतोच."

मोहनराव उजव्या दारापुढे जाऊन उभे राहिले. तात्यासाहेब उजव्या दाराकडे आलेच नाहीत. ते डाव्या बाजूने मागे गेले, मामलेदारांकडे बघतच मडगार्डावर बोट ठेवलं, आणि बोट घसरलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा घसरलं. त्यांनी चष्मा लावला. मग ते उजव्या मडगार्डाकडे जाऊन आले, न जाणो, इतकी वर्षं आपलीच काही चूक होत असली तर.

"मोहनराव," ते फार हळू म्हणाले, "पोचा कुठे आहे?"

मोहनरावांना वाटलं दाराचं बिंग फुटलं. "चुकलं, तात्या," ते घाईघाईने म्हणाले. "पण आता खूण म्हणून दिसत नाही ना?"

"नाही दिसत," तात्यासाहेब म्हणाले आणि मडगार्डाला टेकून खाली बसले.

मामलेदारांनी चहा नको म्हणून सांगितलं.

पुढचे दिवस घरात सुतक पाळल्यासारखे गेले. तात्यासाहेबांनी शेळगावला निरोपावर निरोप धाडले. गेणूचं उत्तर ठरलेलं: काढून देईन, पाडून देणार न्हाय. कलेक्टरसाहेब विलायतेला आणि घोडा त्याच्याही पलीकडे, तेव्हा तोही मार्ग बंद. कंपनीचं पत्र आलं, इतक्या स्वस्तात निकालात निघालेला दावा आमच्या पाहण्यात नाही, सबब आपली नेमणूक कायम करण्यात येत आहे. मोहनरावांनी ते कुणाला दाखवलं नाही. तात्यासाहेबांना मडगार्डापुढे नुसतं उभं राहिलेलं पाहिलं की त्यांना आपली नोकरी चोरीची वाटायची. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

मग एका सकाळी पुण्याचे कुणी वकील आले. मोहनराव तांब्या घेऊन खाली उतरत होते. बाहेरून आवाज आला तसे ते जिन्यातच थबकले. तात्यासाहेब सवयीने पाहुण्यांना मोटारीपाशी घेऊन गेले होते आणि सवयीनेच बोट पुढे केलं होतं.

"इथे काय?" पाहुण्यांनी विचारलं.

"इथे," तात्यासाहेब म्हणाले आणि थांबले. मग वकिलाचा आवाज हळूहळू परत आला. "इथे कलेक्टरच्या घोड्याची लाथ होती. सबंध इंग्रजी राज्यात ती पुसायची कुणाची छाती झाली नाही. स्वराज्यात एकाने पुसली. एका दुपारीत, आणि तीही पुरणपोळी खाऊन."

"कोणी?"

तात्यासाहेबांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे," ते म्हणाले. "हे आमचे जावई."

मोहनरावांनी ताठ मानेने, साहेबाने उतरावं तसं उतरायला सुरुवात केली. शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही. ते पडले आणि हातातला तांब्या दगडी उंबऱ्यावर आपटला. त्याला पडलेला पोचा विजयमालाबाईंनी कितीदा काढून आणते म्हटलं, पण मोहनरावांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. पाहुणा आला की ते त्याला त्याच तांब्यातून पाणी देतात.